विझार्डची झोप

आमच्या घरात एक जादूगार होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, नाव नितीन, मी त्याला दादा म्हणायचे, आणि दुपारी जेवून तो आडवा झाला की त्याला हाक मारायची घरात कुणाची छाती नव्हती. घर म्हणजे नायगावच्या बीडीडी चाळीतली एक खोली. एका भिंतीला आईची चूल, समोरच्या भिंतीला मोरी आणि मधल्या सगळ्या जागेत, तिरपा, तोंड उघडं टाकून झोपलेला दादा. त्याला पाय न लावता डब्यांच्या चळती घेऊन ये-जा करायची कला मला त्या वयात इतकी साधली होती, की आजही लग्नाच्या पंगतीत मी वाकडी-तिकडी होत कुठूनही वाट काढते आणि लोक म्हणतात, या वयात काय चपळाई! आई चुलीपाशी फोडणी देतानाही कढईवर झाकण धरायची. चर्र असा आवाज झाला तर दादाचा मेंदू जागा होईल, आणि मेंदू जागा झाला तर देशाचं नुकसान.

आई खानावळ चालवायची. पूर्वी खोलीत पंगती बसायच्या, कोकणातून एकटे आलेले गिरणीतले लोक पाळीप्रमाणे जेवून जायचे. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे संपाबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं ऐकीव, आणि सांगणाऱ्यागणिक वेगळं. एवढं मात्र खरं, की जेवणारे गावी गेले ते परतले नाहीत, आणि बाबांचे गिरणीतले साचे बंद पडले ते पडलेच. मग आईने परळच्या हॉस्पिटलांकडे मोर्चा वळवला. तिथे लांबलांबून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक व्हरांड्यात वळकट्या टाकून राहायचे, त्यांना ती डबे देऊ लागली. ‘दुखणी कधी संपावर जात नाहीत,’ असं तिचं म्हणणं होतं, आणि धंद्याची याहून चांगली समज मी पुढे मोठमोठ्या पगाराच्या माणसांतही पाहिली नाही. बाबा कांदे चिरायचे, नारळ खवायचे, भाजी आणायचे. कांदा इतका एकसारखा चिरायचे की आई म्हणायची, “कापड काढलात काय हो?” बाबा त्यावर काहीच बोलायचे नाहीत. एकूणच बाबा कमी बोलायचे. आयुष्यातलं बोलणं त्यांनी गिरणीच्या गेटवरच्या सभांमध्ये खर्चून टाकलं असावं. भरलेले डबे पोचवायचं काम माझ्याकडे होतं. ते मला कुणी दिलं, कधी दिलं, आठवत नाही. जसं नाक माझ्याकडे होतं तसेच डबे माझ्याकडे होते.

दादाच्या अभ्यासासाठी म्हणून मामाने एक कॉम्प्युटर आणून दिला. मामा फोर्टात एका ऑफिसात क्लार्क होता, तिथे नवी मशिनं आली म्हणून जुनी काढली, त्यातलं एक टॅक्सीत घालून त्याने आमच्याकडे पोचवलं. आईने त्याला हळद-कुंकू लावलं, जुन्या साडीचं झाकण शिवलं आणि त्याला जागा दिली तांदळाच्या पिंपावर, फळी टाकून. त्यामुळे तांदूळ काढायचे म्हणजे आधी कॉम्प्युटर उचलायचा. “आई, थांब, राक्षस मरतोय!” असं दादा ओरडायचा, पण आई थांबायची नाही. राक्षसापेक्षा परळचे पेशंट महत्त्वाचे. की-बोर्डला कायम बांगड्याच्या तिखल्याचा वास यायचा, कारण त्यावर बोटं चालवणारा जादूगार हात धुवायला उठेपर्यंत धीर धरायचा नाही.

अभ्यास किती झाला ते दादा जाणे. मला आठवतो तो गेम. फोर्टच्या फुटपाथवरून त्याने एक सीडी आणली होती, तिच्यावर पेनाने काहीतरी खरडलेलं, सोबत ना खोका ना माहितीपत्रक. कसलं तरी अद्भुत राज्य, त्यात गुहा, राक्षस, शाप आणि तुम्ही. तुम्ही म्हणजे एक टोळी, आणि टोळीतल्या प्रत्येकाचा एक पेशा. फायटर असायचा, म्हणजे लोखंडी चिलखत, ढाल, तलवार आणि बुद्धी बेताची. विझार्ड असायचा, म्हणजे लांब झगा, हातात काठी, अंगात जीव नाही, पण मंत्र! आमची टोळी दोघांची. दादा अर्थातच विझार्ड. मी फायटर. माउस दादाच्या हातात, मी मागे स्टुलावर बसून तोंडाने हुकूम द्यायचे, “मार, मार, उजवीकडे मार,” आणि त्याला वाटलं तर तो मारायचा. माझ्या फायटरचं नाव त्यानेच टाइप केलं होतं. हमाल. का, तर सगळं सामान त्याच्या पाठीवर. विझार्डला ओझं उचलवत नाही. दोर, मशाली, तंबू, सापडलेलं सोनं, विझार्डच्या स्वतःच्या पोथ्यासुद्धा हमालाने वाहायच्या आणि गुहेत शिरताना पुढेही त्यानेच व्हायचं, कारण पहिला फटका कुणीतरी खायला हवा.

सुरुवातीला मजा होती. विझार्डकडे अख्ख्या दिवसाला एकच मंत्र असायचा, आणि उंदीर चावला तरी तो मरायचा. मी उंदीर मारायचे, कोल्हे मारायचे, आणि तो मागे झगा सावरत उभा राहायचा. मग कधीतरी तो आपला एकुलता एक मंत्र म्हणायचा, फुस्स करून ठिणगी उडायची, आणि लगेच फर्मान सुटायचं, “आता झोपायला हवं.” मंत्र एकदा वापरला की डोक्यातून पुसला जातो, झोप घेतल्याशिवाय परत येत नाही, असा त्या गेमचा नियम. तिकडे राजाची मुलगी राक्षसाने पळवून नेलेली, गाव पेटलेलं, आणि आमची टोळी जंगलाच्या मधोमध अंथरूण घालून पडलेली, कारण साहेबांची ठिणगी संपली! पहाऱ्याला कोण? हमाल. गेम बंद करून दादा खरोखरचा आडवा व्हायचा आणि आई मला खुणेने सांगायची, “झोपांदे त्याका.” तेव्हा पडद्यावरचं कुठलं आणि खोलीतलं कुठलं हे मला नीट कळायचं नाही.

मग लेव्हली वाढल्या. विझार्ड आगीचे गोळे फेकू लागला. उडू लागला. अदृश्य होऊ लागला. कुलपं मंत्राने उघडू लागला, दुसऱ्याच्या मनातलं वाचू लागला, एका बोटाने सबंध फौज गारठवू लागला. आणि फायटरची प्रगती? पूर्वी तो एकदा मारायचा, आता दोनदा मारू लागला. याला बढती म्हणायचं. गुहेत मी चिलखत खडखडवत दारापर्यंत पोचेपर्यंत आतले सगळे भाजून झालेले असायचे आणि मला काम उरायचं ते त्यांचं सामान गोळा करायचं.

“हा अन्याय आहे,” मी एकदा म्हटलं.

“अन्याय नाही, बॅलन्स आहे,” दादा म्हणाला. त्याला समजावून सांगायला फार आवडायचं. “सुरुवातीला तू भारी होतीस की नाही? मी उंदरांना घाबरायचो. आता मी भारी. झालं की बरोबर!”

“माझी सुरुवात एका रविवारात संपली. तुझं हे आता कधी संपणार?”

“संपणार नाही. पुढे वाढतच जाणार. आज विझार्डला सांभाळायचं, म्हणजे उद्या सगळ्यांचा फायदा. गेम बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवलाय हे.”

“बरोबर सांगता तो,” चुलीजवळून आई म्हणाली. “एकदा इंजिनेर होऊ दे, मग सगळ्यांका सुख.”

आई दुसऱ्याच विषयावर बोलत होती. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं.

आता असं कळतं की याच विषयावर जगभरची दाढीवाली माणसं इंटरनेटवर वर्षानुवर्षं भांडतायत. फायटरला काय द्यावं, विझार्डकडून काय काढून घ्यावं. माझा भाचा मला त्यातलं काय काय मोबाइलवर पाठवतो, आणि मी चष्मा लावून वाचते. काही हुशार वाचकांना एव्हाना फायटरच्या जागी गिरणी कामगार आणि विझार्डच्या जागी आणखी कुणी दिसू लागलं असेल. त्यांना दिसू दे, त्यांची दृष्टी शाबूत राहो. मला दिसायचा तो फक्त दादा, आणि त्याचं उघडं तोंड.

दुपारी तो झोपला की डबे देऊन आल्यावर मी आवाज बंद करून एकटीच गेम लावू लागले. विझार्डला गावातल्या धर्मशाळेत ठेवलं, म्हटलं, झोप बाबा मनसोक्त, आणि हमालाला घेऊन निघाले. अर्थातच मेले. खूप वेळा मेले. राक्षसांचं काही नाही, त्यांना बडवता यायचं. पण गुहेत एक मांत्रिक असायचा, तो हात वर करून गुणगुणायला लागायचा, मी तलवार उगारायचे, आणि तलवार खाली येईपर्यंत त्याचं गुणगुणणं संपून माझी राख झालेली असायची. एकदा तर ऐन वेळी तलवारच मोडली. त्या राज्यात लोखंडही फुटपाथवरचंच असावं. हमालाच्या गाठोड्यात दुसरं काही नव्हतं, फक्त एक छोटी सुरी होती. फळं कापायला बरी, असली. मरायचंच आहे तर मारून मरू, म्हणून मी सुरी घेतली आणि भोसकत सुटले. मांत्रिकाने हात वर केले. सुरी लागली. हात खाली आले. पुन्हा वर केले, पुन्हा लागली, पुन्हा खाली. सुरीने त्याचं फारसं काही बिघडत नव्हतं, पण गुणगुणणं प्रत्येक वेळी तुटत होतं आणि पहिल्यापासून सुरू करावं लागत होतं. तलवार मोठी, पण सावकाश. सुरी चिमुकली, पण पटापट. तो बिचारा मंत्राचं पहिलं अक्षर म्हणता म्हणताच मेला.

मी तशीच पडद्याकडे बघत बसले. हे मी आधी कुठेतरी पाहिलंय असं वाटत होतं, आणि मग संध्याकाळी जेवताना लक्षात आलं. दादा घास हातात धरून सुरू झाला, “आता जागतिकीकरणामुळे कसं झालंय...” आई म्हणाली, “आमटी वाढू?” “वाढ. तर जागतिकीकरणामुळे गिरण्यांच्या जमिनी...” “मीठ बरा आसा मा?” “आहे गं. तर या जमिनी...” “काटो बघून खा.” दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “मी काय सांगत होतो?” कुणालाच माहीत नव्हतं. आईने समाधानाने भात वाढला. आमच्या घरात जागतिकीकरण कधीच दुसऱ्या वाक्याच्या पुढे गेलं नाही.

सुरीचं मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

चाळीची दरवर्षी सत्यनारायणाची पूजा असायची आणि तिला जोडून क्रीडास्पर्धा. कॅरम, लंगडी, बायकांचं लिंबू-चमचा. त्या वर्षी दादाने मंडळात जाऊन सांगितलं की जग कुठे चाललंय आणि आपण कुठे लिंबू-चमचा घेऊन बसलोय, तेव्हा एक कॉम्प्युटर गेमची स्पर्धा ठेवा, आणि गेम आमच्या सीडीवरचाच. मंडळाचे सेक्रेटरी तावडेकाका. एके काळी युनियनमध्ये होते, ठराव मांडल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. त्यांनी ठराव मांडला, त्यांनीच अनुमोदन दिलं. लालबागला बाळा सावंत नावाच्या मुलाने नवीन सायबर कॅफे काढला होता, तो जाहिरात होईल म्हणून दोन मशिनं वायरने जोडून आणायला तयार झाला. शिवाय त्याने बक्षीस जाहीर केलं. जो जिंकेल त्याने रोज दुपारपासून संध्याकाळपर्यंत कॅफेच्या काउंटरवर बसायचं, पगार मिळेल आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मशिन हवं तेवढं वापरायला फुकट.

“माझंच आहे ते,” दादा घरी येऊन म्हणाला आणि पूर्वतयारी म्हणून झोपला.

माझी बारावी संपत आली होती. त्यानंतर मी काय करणार हे आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आई फक्त अधूनमधून म्हणायची, “आता शुभा मोकळी झाली काय आपण अजून थोडे डबे घेऊक हरकत नाय,” आणि बाबा कांदे चिरत राहायचे. मला खुर्चीत बसून करायचं काम हवं होतं. माउस माझ्या हातात असेल असं. एवढंच हवं होतं, याहून थोर काही नाही. उगाच आता या वयात त्याला स्वप्नबिप्न म्हणायची माझी इच्छा नाही.

मी तावडेकाकांकडे जाऊन नाव दिलं.

“मुलींसाठी लिंबू-चमचा आहे,” ते म्हणाले. “रांगोळी आहे.”

“मुलींना घ्यायचं नाही असं ठरावात म्हटलंय का, काका?”

तावडेकाकांनी डोळे मिटले, आपलाच ठराव मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिला. “नाही म्हटलेलं,” ते खिन्नपणे म्हणाले. नियमाचा माणूस नियमानेच मरतो.

दादाला कळलं तेव्हा तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने हसणं थांबवलं. “शुभे, तू फायटर घेऊन येणार? तिथे सगळे विझार्ड असणारेत. एका मंत्रात राख होशील.”

“होईन की.”

“माझी लाज काढू नकोस एवढंच.”

पूजा सकाळी आटोपली. संध्याकाळी दोन चाळींच्या मधल्या पटांगणात मांडव, शिऱ्याचा वास, दोन कॉम्प्युटर, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून वायरने जोडलेला एक मोठा टीव्ही. माइकवर गोपाळकाका. गोपाळकाका म्हणजे सबंध गिरणगावात कबड्डीचं समालोचन करणारा माणूस. तिसऱ्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजींनाही चढाई दिसायची असा त्यांचा आवाज. पण त्या दिवशी त्यांची पंचाईत झाली होती. समोरासमोर दोन विझार्ड उभे राहायचे, दोघंही हात वर करायचे, आणि ज्याचं बोट आधी पडलं तो जिंकायचा. “दोन्ही खेळाडू आमनेसामने... दोघांचेही हात वर... आणि... अहो, संपलं? कोण गेलं? बाळा, कोण गेलं रे?” लोक कंटाळले. बायका पाठ फिरवून गप्पा मारू लागल्या. दादा मात्र एकामागून एक सगळ्यांना जाळत सुटला होता, आणि प्रत्येक विजयानंतर झगा सावरल्यासारखा शर्ट सावरत होता.

माझी पहिली गाठ तळमजल्यावरच्या सुनीलशी. मी खुर्चीत बसले. बाळा म्हणाला, खेळाडूचं नाव टाइप कर. हवं ते नाव ठेवता आलं असतं, राणी, वाघीण, काहीही. बोटांनी सवयीने हमाल टाइप केलं. टीव्हीवर ती अक्षरं उमटली आणि मांडवात हशा पिकला. पहिल्या रांगेत बसलेले गिरणीतले म्हातारे मात्र हसले नाहीत, ते पुढे सरकून बसले.

सुनीलच्या विझार्डने हात वर केले. माझा हमाल धावत गेला आणि सुरी लागली. हात खाली. पुन्हा वर, पुन्हा सुरी. गोपाळकाकांना आता सूर सापडला. “आणि पकड! सुनील मंत्र म्हणतोय, म्हणतोय... दम तुटला! पुन्हा सुरुवात... पुन्हा पकड! अरे, सोडत नाही त्याला हमाल! मध्यरेषेवर धरून ठेवलाय!” बायका परत फिरून बसल्या. सुनील गेला. त्याच्यानंतर आणखी एक गेला. “हमाल! हमाल!” असा घोष सुरू झाला. वडे तळण्यासाठी बसलेली आई झारा हातात घेऊन उठून उभी राहिली, आणि तेलात काय चाललंय ते बाबांना बघावं लागलं.

शेवटचा सामना दादाशी.

दादा मूर्ख नव्हता. सुरीचा प्रकार त्याने पाहिला होता. त्याने सुरुवातीलाच एक छोटा मंत्र म्हणून स्वतःची कातडी दगडाची करून घेतली. आता सुरी लागत होती पण टोचत नव्हती, आणि त्याने निवांतपणे हात वर करून सगळ्यात मोठा, सगळ्यात लांबलचक मंत्र सुरू केला. आकाशातून उल्का पाडायचा. छोट्याने काम झालं असतं, पण मांडवात सगळे बघत होते. “नितीन मंत्र म्हणतोय,” गोपाळकाका ओरडले, “सुरी लागतेय, पण दाद देत नाही! म्हणतोय, अजून म्हणतोय... किती मोठा दम आहे या पोराचा!” पण दगडाची कातडी काही फटकेच सोसते, हे मी इतक्या वेळा मेले होते त्यातून मला माहीत होतं. फटका मोठा की छोटा, हे ती विचारत नाही, नुसते फटके मोजते. तलवार असती तर माझा निकाल लागला असता. सुरी टुक टुक टुक करत राहिली, आणि उल्का पडायला एखादं अक्षर उरलं असताना दगड फुटला. सुरी टोचली. दादाचे हात खाली आले.

एवढा मोठा मंत्र वाया गेला तेव्हा दादा घाबरला. आणि घाबरल्यावर माणूस जी सवय असेल तेच करतो. त्याने विश्रांतीचं बटण दाबलं.

टीव्हीवर इंग्रजीत एक ओळ आली. सगळं पटांगण ती बघत राहिलं. “बाळा,” गोपाळकाका माइकवर म्हणाले, “काय लिहिलंय रे?”

बाळाने वाचलं आणि सांगितलं, “शत्रू जवळ असताना झोपता येत नाही.”

आधी पहिली रांग हसली, मग मांडव हसला, मग गॅलऱ्या हसल्या, आणि त्या सगळ्यांच्या वर एक आवाज होता तो आईचा. आईला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. झारा हातातून पडला तिच्या. मी दादाकडे पाहिलं नाही. सुरी चालवत राहिले, त्याचा विझार्ड आडवा होईपर्यंत.

“हा बग आहे!” दादा उठून ओरडला. कान लाल झाले होते त्याचे. “सुरीचा स्पीड चुकीचा ठेवलाय. या गेमला बॅलन्सच नाही!”

“कालपर्यंत होता ना?” मी म्हटलं.

त्याने तक्रार नोंदवली. म्हणजे तावडेकाकांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख दिलं. शिऱ्याच्या पातेल्याशेजारी मंडळाची तातडीची बैठक बसली. बगचा मुद्दा कुणालाच कळला नाही, म्हणून तो एकमताने फेटाळण्यात आला. पण मग कुणीतरी विचारलं की हे सगळं ठीक, पण मुलगी लालबागला सायबरमध्ये एकटी बसणार, पोरंटोरं येणार, बरं दिसेल का? खूप वेळ कुजबुज झाली. मग तावडेकाका उभे राहिले. “सर्व बाजूंचा विचार करून,” ते म्हणाले, “ट्रॉफी मुलीला आणि काउंटर मुलाला, असा ठराव मांडतो. दोघंही आपलीच मुलं. समतोल राहील.”

एवढा वेळ पटापट चाललेली बोटं एकदम गार पडली होती. ट्रॉफी माझ्या हातात देण्यात आली. प्लास्टिकची होती, वर एक बाप्या बॅट घेऊन उभा.

“तावडे,” बाबा म्हणाले. ते कढईपाशीच होते, हात पिठाचे. “स्पर्धा कोण जिंकलं?”

“शुभांगीच, पण...”

“मग?”

“अरे, पण ती गेली तर तुझे डबे कोण नेणार?”

बाबांनी दादाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दादा म्हणाला, “मी? बाबा, माझा अभ्यास असतो दुपारी.”

“दुपारी?” आई म्हणाली. तिचं हसणं अजून पुरतं थांबलं नव्हतं, डोळे पदराने पुसत होती. “दुपारी तू घोरतस, बाबू. तो अभ्यास आसा?”

वर्षानुवर्षं कढईवर झाकण धरून जिने त्याची झोप राखली, तिनेच सगळ्या चाळीसमोर हे म्हटलं. मला वाटतं, आपण काय बोलून गेलो याचं तिलाही आश्चर्य वाटलं. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही, आणि ठराव पाडण्यात आला.

दादा त्यानंतर माझ्याशी बोलेना. सोमवारी दुपारी मी त्याच्या हातात डबे दिले तेव्हाही नाही. संध्याकाळी मी घरी आले तर तो भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही तळहातांवर डब्यांच्या कड्यांचे वळ.

“हॉस्पिटलचा लिफ्टवाला डबेवाल्यांना वर नेत नाही,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

त्याने तळहात मिटून घेतले. तो इंजिनिअर झाला, चांगला झाला, बाहेरगावी मोठ्या कारखान्यात वर चढत गेला आणि पुढे आईबाबांना त्याने सुखात ठेवलं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तो फोन करील. शेवटच्या वर्षापर्यंत डबे त्यानेच पोचवले. पण ती सुरी म्हणजे बग होता, हे त्याचं मत अजून तसंच आहे. दिवाळीला जमलो की आमचं त्यावरून होतंच.

त्याच सोमवारी, दादा डबे घेऊन गेल्यावर, बाबा माझ्याबरोबर निघाले. मी म्हटलं, मला रस्ता माहीत आहे. ते म्हणाले, माहीत आहे मला, आणि चालत राहिले. कॅफेत बाळाने काउंटर दाखवला, कुठली किल्ली कुठली ते सांगितलं आणि चहाला गेला. बाबांनी खुर्ची हलवून पाहिली. एक पाय आखूड होता. त्यांनी कोपऱ्यात पडलेल्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घातली, गुडघ्यावर बसून पायाखाली सरकवली, मग स्वतः खुर्चीत बसून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे डोलून पाहिलं. साच्यावर काम करणारा माणूस मशिनवर दुसऱ्याला सोडण्याआधी ते स्वतः चालवून बघतो, तसं. समाधान झाल्यावर उठले.

“बस,” म्हणाले, आणि मी बसताच वळून निघून गेले.

मी दोन्ही हात काउंटरवर ठेवून पाहिले. मग उगाच सगळ्या किल्ल्या सरळ रेषेत लावल्या. थोड्या वेळाने एक कॉलेजचा मुलगा आत आला, माझ्या मागे कुणी पुरुष आहे का ते बघितलं, आणि नाही म्हणून नाइलाजाने मलाच म्हणाला, “तो नवीन गेम आहे ना, त्यात पहिल्यांदा कोण घेऊ? सगळे म्हणतात विझार्ड घे. फायटर एकदम बकवास असतो म्हणे. खरंय का?”

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं.

“अर्धा तास बसणार की तास?” मी विचारलं.